नमुना, नक्कल आणि दुवा

माहिती ओळींत आणि रकान्यांत मांडली की ती एका नजरेत वाचता येते, एकमेकींशी ताडून पाहता येते आणि तिची बेरीज करता येते. म्हणूनच राज्यकारभार, व्यापार, शाळा आणि शेती या सगळ्यांच्या मुळाशी कोठे ना कोठे तक्ता असतो. परंतु तक्त्याचे खरे सामर्थ्य तो एकदा आखण्यात नसून पुन्हा पुन्हा वापरता येण्यात आहे. एका गावासाठी केलेला तक्ता दुसऱ्या गावात चालावा, यंदाचा तक्ता पुढल्या वर्षी उपयोगी पडावा आणि शंभर गावांचे तक्ते एकत्र करून तालुक्याचा गोषवारा काढता यावा, ही अपेक्षा नवी नाही. नवे आहे ते साधन. अनेक माणसांना एकाच वेळी एकाच दस्तऐवजात लिहिता येईल अशी इंटरनेटवरील सामायिक दस्तऐवजांची सोय, म्हणजे गूगल डॉक्स, गूगल शीट्स, मायक्रोसॉफ्ट लूप किंवा नोशन यांसारखी अॅप, आता जिल्ह्याच्या कचेरीपासून बचत गटापर्यंत पोहोचली आहे. तिच्यात तक्त्याची नक्कल करणे दोन कळा दाबण्याइतके सोपे झाल्यामुळे, नक्कल नेमकी कशाची झाली हा प्रश्न विचारण्याची सवय मात्र मागे पडू लागली आहे. या प्रकरणात तोच प्रश्न यवतमाळ जिल्ह्याच्या दप्तरातील तक्त्यांच्या आधारे तपासला आहे.

यवतमाळच्या दप्तरातील तक्ते

यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास तक्त्यांच्या दृष्टीने बोधप्रद आहे, कारण येथील जमीन जागची हलली नाही, पण तिच्यावर राज्य करणारी व्यवस्था वारंवार बदलली. निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ च्या पुनर्रचनेत पूर्वीच्या वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. वऱ्हाडात इंग्रजांनी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धत लागू केली. रयतवारी म्हणजे सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये जमीनदार न ठेवता प्रत्येक शेताचा सारा थेट त्या शेतकऱ्यावर बसवण्याची पद्धत. या पद्धतीचा पाया विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात १८३५ नंतरच्या मोजणीत घातला, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम एकसारखे केले. प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्येक क्रमांकासमोर क्षेत्र, जमिनीची प्रत आणि आकार, म्हणजे ठरलेला सारा, अशी मांडणी झाली की गावागणिक तोच आराखडा वापरता येतो. किंबहुना असा आराखडा नसता तर लाखो शेतांची व्यवस्था लावणे अशक्यच होते.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये मंजूर होऊन १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला, आणि त्याखालील नियमांनी राज्यातील गावदप्तराला एकच वळण दिले. या दप्तरात १ ते २१ क्रमांकांचे मुख्य गाव नमुने असून काहींना उपनमुनेही आहेत. ‘नमुना’ म्हणजे येथे ठरवून दिलेला, कोरा, रकाने आखलेला तक्ता. नमुना सात हा अधिकार अभिलेख आहे, म्हणजे जमीन कोणाची, किती आणि तिच्यावर इतर कोणाचे हक्क आहेत याची नोंद. नमुना बारा ही पिकांची नोंदवही आहे. हे दोन एका कागदावर आले की तो सातबारा होतो. नमुना आठ-अ मध्ये तीच जमीन खातेदारानुसार मांडलेली असते, तर नमुना अकरा हा बारामधील पिकांचा गावनिहाय गोषवारा असतो. वऱ्हाडात आजही ज्याला लोक सर्रास पटवारी म्हणतात त्या तलाठ्याने हे सारे तक्ते राखायचे असतात.

या मांडणीत एक तत्त्व दडलेले आहे. एखाद्या शेताचे क्षेत्र मूळ स्वरूपात एकाच ठिकाणी ठरते, आणि आठ-अ, अकरा किंवा तालुक्याचे विवरणपत्र ही त्याची पुढची रूपे असतात. पुढच्या तक्त्यात आकडा बदलायचा असेल तर आधी मूळ तक्त्यात बदलावा लागतो. संगणकशास्त्रात एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहितीसाठ्याच्या रचनेचा जो सिद्धान्त मांडला, त्यातून पुढे याच विचाराला शास्त्रीय रूप मिळाले: एक वस्तुस्थिती एकाच जागी नोंदवावी आणि इतरत्र तिचा केवळ निर्देश करावा. जेथे हा नियम मोडून तोच आकडा हाताने चार ठिकाणी लिहिला जातो, तेथे कालांतराने चार वेगवेगळे आकडे तयार होतात आणि खरा कोणता हे सांगण्याचे साधन उरत नाही.

फेरफार: बदलाचाही तक्ता

गावदप्तरातील सर्वांत मोलाची सोय नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, ही होय. जमीन विकली गेली, वारस लागले किंवा कर्जाचा बोजा चढला की तलाठी नमुना सातमध्ये परस्पर खाडाखोड करीत नाही. अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे तो आधी फेरफार नोंदवहीत क्रमांक टाकून नोंद घेतो, संबंधितांना नोटीस देतो, हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यानंतरच बदल सातबाऱ्यावर उतरतो. हस्तलिखित सातबाऱ्यावर जुने नाव पुसले जात नसे, त्याला कंस केला जाई, आणि नव्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिला जाई. त्यामुळे आजचे नाव कोठून आले हे मागे मागे जात शोधता येते.

सामायिक दस्तऐवजांच्या अॅपमध्ये हीच कामे दोन सोयी करतात. पहिली आवृत्ती-इतिहास: कोणत्या वेळी, कोणाच्या खात्यातून, कोणता बदल झाला याची आपोआप राहणारी नोंद. दुसरी सुचवणीची पद्धत: लिहिणाऱ्याचा बदल थेट न उतरता सूचना म्हणून दिसतो आणि अधिकार असलेल्या माणसाने मान्य केल्यावरच मजकुराचा भाग होतो. मात्र एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दस्तऐवजाची ‘प्रत बनवा’ ही आज्ञा दिली की नव्या प्रतीत तक्ता येतो, मजकूर येतो, परंतु मूळ दस्तऐवजाचा आवृत्ती-इतिहास येत नाही; नवी प्रत ही जणू फेरफार क्रमांक नसलेला सातबारा असते. म्हणून ज्या तक्त्याच्या प्रत्येक बदलाचा जाब द्यावा लागणार आहे, त्याची दरमहा प्रत काढून मूळ मोडीत काढणे चुकीचे ठरते.

नक्कल बिनचूक झाली की नाही हे तपासण्याचा सर्वांत मोठा प्रयोगही महाराष्ट्राने केला आहे. हस्तलिखित सातबारे संगणकात उतरवताना नावे, क्षेत्रे आणि शेरे यांत चुका शिरल्या, तेव्हा २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली, म्हणजे संगणकीकृत नोंदी गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून त्यांच्याकडून चुका काढून घेण्यात आल्या. लेखनातील चुका सुधारण्यासाठी कलम १५५ खालील आदेशांचा आधार घेतला गेला, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध होऊ लागला. या क्रमातील शिकवण स्पष्ट आहे: नक्कल यंत्राने केली तरी तिची खातरजमा त्या माहितीशी ज्यांचा संबंध आहे त्यांनीच करायची असते.

तीन प्रकारच्या नकला

सामायिक दस्तऐवजात तक्ता निवडून, नक्कल करून, दुसरीकडे चिकटवला की एकच क्रिया घडल्यासारखी वाटते. वास्तविक तेथे तीन वेगळ्या गोष्टींपैकी एक घडत असते, आणि ती कोणती हे आधी ठरवणे हे या विषयाचे मर्म आहे.

पहिली नक्कल सांगाड्याची. येथे रकाने, मथळे, सूत्रे आणि बंधने घ्यायची असतात, आकडे नकोत. कोरा गाव नमुना हे तिचे रूप. दरमहा, दरहंगामी किंवा दरवर्षी भरायच्या विवरणपत्रासाठी हीच नक्कल योग्य. सामान्यतः मागच्या महिन्याची भरलेली फाइल उघडून, तिचे नाव बदलून, तिच्यातच नवे आकडे लिहिण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तिच्यातला धोका असा की जो आकडा बदलायचा राहिला तो जुना असूनही नव्यासारखाच दिसतो. याउलट कोऱ्या सांगाड्यावरून सुरुवात केली तर न भरलेले घर कोरे दिसते आणि उणीव स्वतःहून उघडी पडते. गूगल डॉक्समध्ये वारंवार लागणारे असे तयार तुकडे जपून ठेवण्याची सोय आहे, आणि तशी सोय नसलेल्या अॅपमध्ये ‘कोरा नमुना’ या नावाची, कोणालाही बदलता न येणारी एक वेगळी फाइल ठेवली तरी तेच साधते.

दुसरी नक्कल आकड्यांची. येथे त्या क्षणीची स्थिती गोठवून ठेवायची असते. पैसेवारी हे तिचे उत्तम उदाहरण. प्रमाणित उत्पन्नाच्या तुलनेत यंदाचे पीक किती आले हे रुपयातील पैशांच्या प्रमाणात सांगण्याची ही रीत पूर्वी आणेवारी या नावाने ओळखली जाई आणि आजही बोलण्यात तेच नाव येते. विदर्भात खरिपाची नजरअंदाज पैसेवारी ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला आणि अंतिम ३१ डिसेंबरला जाहीर होते. तिन्ही वेळा गावे तीच आणि रकाने तेच, परंतु आकडे वेगळे, आणि पुढचा आकडा आला म्हणून मागचा नाहीसा होता कामा नये. दुष्काळ ठरवण्याचे निकष केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने बदलले असले, तरी ५० पैशांच्या वर की खाली या प्रश्नाकडे यवतमाळमधील कापूस आणि सोयाबीन पिकवणारा शेतकरी आजही लक्ष ठेवून असतो. एकदा जाहीर झालेला तक्ता मूळ फाइलीला जोडलेला राहिला आणि पुढे मूळ फाइल बदलताच तोही बदलला, तर जाहीर काय झाले होते याचा पुरावाच नष्ट होईल. म्हणून येथे दुवा तोडूनच नक्कल करावी, तिच्यावर दिनांक लिहावा आणि ती बंद करावी.

तिसरी नक्कल संबंधाची. येथे तक्ता दुसरीकडे दिसतो, पण राहतो मूळ जागीच. गूगल शीट्समधील तक्ता गूगल डॉक्समध्ये चिकटवताना ‘स्प्रेडशीटशी जोडा’ आणि ‘न जोडता चिकटवा’ असे पर्याय पुढे येतात. पहिला निवडला तर मूळ शीटमध्ये बदल झाल्यावर दस्तऐवजातील तक्त्याजवळ अद्ययावत करण्याचे बटण दिसू लागते. बदल आपोआप उतरत नाही, कोणीतरी ते बटण दाबावे लागते, हे विसरल्यामुळे अनेक अहवाल शिळ्या आकड्यांनिशी बाहेर पडतात. दोन डॉक्समध्ये परस्पर नक्कल केलेल्या तक्त्याला मात्र असा दुवा नसतो, ते दोन स्वतंत्र तक्ते होतात. मायक्रोसॉफ्ट लूप आणि नोशन यांची रीत आणखी पुढची आहे: तेथे एकच जिवंत तक्ता अनेक पानांवर किंवा संदेशांत ठेवता येतो आणि कोणत्याही ठिकाणी केलेला बदल सर्वत्र दिसतो. जिल्ह्याच्या गोषवाऱ्यासारख्या, सतत हलणाऱ्या आकड्यांसाठी ही नक्कल उत्तम; जाहीर झालेल्या किंवा सही झालेल्या आकड्यांसाठी तीच घातक.

चिकटवताना काय घडते

नक्कल करून चिकटवण्याची आजची पद्धत १९७०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पार्क संशोधनकेंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी रुळवली. नक्कल केलेला मजकूर संगणक आपल्या स्मृतीत तात्पुरता ठेवतो, आणि तक्ता असेल तर तो एकाच वेळी अनेक रूपांत ठेवतो: एक रूप ओळी, घरे, रेघा आणि रंग यांचे वर्णन करणारे, तर दुसरे साध्या मजकुराचे, ज्यात दोन घरांमध्ये टॅब आणि दोन ओळींमध्ये नवी ओळ एवढेच चिन्ह उरते. ज्या अॅपमध्ये चिकटवायचे ते आपल्याला पेलणारे रूप उचलते. शीटमधून दस्तऐवजात तक्ता सुबक उतरतो आणि तोच व्हॉट्सअॅपच्या संदेशात टाकला की रकाने मोडून आकड्यांची सरमिसळ होते, ती याच कारणाने.

यापेक्षा गंभीर असलेले बिघाड मात्र नजरेस पडत नाहीत, आणि ते यवतमाळच्या महसुली तक्त्यांत विशेष संभवतात. समजा, एका रकान्यात भूमापन क्रमांक आणि त्याचे हिस्से आहेत: १२/२, ४५/२, ७/३. हा रकाना इंग्रजी अंकांत टंकलेला असून शीटमध्ये चिकटवला, तर भारतीय पद्धतीची तारीख लावलेले शीट १२/२ चा अर्थ १२ फेब्रुवारी आणि ७/३ चा अर्थ ७ मार्च असा घेते; ४५/२ मात्र तारीख होऊ शकत नसल्याने जसाच्या तसा राहतो. सगळा रकाना बिघडला असता तर चूक तत्काळ दिसली असती. काही ओळीच बिघडल्यामुळे ती सुटून जाते, आणि चिकटवल्यानंतर रकान्याचा प्रकार बदलूनही मूळ क्रमांक परत मिळत नाही. उपाय सोपा आहे: चिकटवण्यापूर्वीच त्या रकान्याला ‘साधा मजकूर’ हा प्रकार द्यावा. या एका खोडीने जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनाही हैराण केले. मानवी जनुकांची काही लघुनावे मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांच्या इंग्रजी लघुरूपांसारखी असल्याने शीटमध्ये त्यांच्या तारखा होऊ लागल्या, शोधनिबंधांच्या पुरवण्यांतून या चुका पसरल्या, आणि अखेर जनुकांच्या नामकरणाची जबाबदारी असलेल्या समितीने २०२० मध्ये त्या जनुकांची लघुनावेच बदलली.

दुसरा बिघाड क्षेत्राच्या रकान्यात होतो. १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर. शीट शेवटचे शून्य अनावश्यक समजून ते १.२ असे दाखवते, आणि वाचणारा त्याचा अर्थ १ हेक्टर २ आर असा लावू शकतो. म्हणून या रकान्याला नेहमी दोन दशांश स्थळे नेमून द्यावीत. चौरस मीटरही लिहिले असतील, जसे ०.८१.५०, तर एका आकड्यात दोन बिंदू आल्याने शीट त्याला संख्या मानत नाही आणि तो बेरजेतून निमूटपणे गळतो. जुन्या कागदांतील एकर-गुंठ्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे, कारण एकरात ४० गुंठे असतात. २ एकर २० गुंठे आणि १ एकर ३० गुंठे यांची बेरीज ४ एकर १० गुंठे येते, परंतु शीटमध्ये २.२० आणि १.३० लिहिले तर उत्तर ३.५० मिळते. अशा वेळी एकर आणि गुंठे यांना दोन स्वतंत्र रकाने देणे हाच खरा मार्ग होय.

तिसरा बिघाड लिपीचा. कृतिदेव किंवा शिवाजी यांसारख्या जुन्या टंकांत भरलेला मराठी तक्ता सामायिक दस्तऐवजात टाकला की निरर्थक रोमन अक्षरे दिसतात, कारण त्या टंकांत अक्षराचे केवळ चित्र मराठी असते आणि संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरच राहते. युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावाचून तो तक्ता पुन्हा वापरता येत नाही. युनिकोडमध्येही ‘शेतकऱ्यांची’ या शब्दातील ऱ्य एकापेक्षा अधिक प्रकारे टंकता येतो, डोळ्यांना ते रूप एकच दिसते, आणि संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. देवनागरी अंकांनाही अनेक साधने संख्या न मानता मजकूर मानतात आणि बेरजेतून वगळतात. म्हणून मोजणीच्या तक्त्यात कोणते अंक वापरायचे हे आधीच ठरवावे, आणि एक-दोन ओळींची बेरीज हाताने करून पडताळावी.

चौथा बिघाड सूत्रांचा. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केलेल्या व्हिजिकॅल्क या पहिल्या लोकप्रिय संगणकीय तक्त्यापासून सूत्राची नक्कल केली की त्यातील निर्देश जागेप्रमाणे सरकण्याची सोय आहे. तिसऱ्या ओळीतील बेरीज चौथ्या ओळीत उतरवली की ती चौथ्या ओळीतले आकडे घेते. पण सर्व ओळींना लागू असलेला एखादा दर मात्र जागेवर खिळवावा लागतो, नाहीतर तोही सरकतो. बेरजेची व्याप्तीही तपासावी लागते. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या सरकारी कर्जावरील २०१० च्या गाजलेल्या निबंधात सरासरीच्या सूत्राने यादीतले शेवटचे पाच देश वगळले होते, हे २०१३ मध्ये एका विद्यार्थ्याने दाखवून दिले, आणि तोपर्यंत अनेक देशांच्या काटकसरीच्या धोरणांना त्या निबंधाचा आधार दिला गेला होता.

अनेक हात, एक तक्ता

यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे २७,७२,३४८ लोकसंख्या आहे. जिल्ह्याने मागवलेली माहिती पूर्वापार पद्धतीने १६ फायलींत येते आणि संकलन करणारा कर्मचारी त्या एकत्र जोडतो. या जोडणीत जो वेळ जातो तो आकड्यांपेक्षा रूपांच्या भिन्नतेमुळे जातो: कोणी एक रकाना वाढवलेला असतो, कोणी दोन घरे जोडून एक केलेली असतात, आणि कोणी ‘केळापूर’ या तालुक्याच्या जागी त्याच्या मुख्य ठिकाणाचे ‘पांढरकवडा’ हे नाव लिहिलेले असते. ‘झरी जामणी’, ‘झरी-जामणी’ आणि ‘झरीजामणी’ किंवा ‘आर्णी’ आणि ‘अर्णी’ ही माणसाला एकच वाटणारी नावे यंत्राला वेगळी वाटतात. यासाठीच जनगणना आणि शासकीय निर्देशिका यांनी गावांना संकेतांक दिले आहेत. तक्ते एकमेकांना जोडायचे असतील तर जोडणीचा आधार नाव नसून संकेतांक असावा.

एकच सामायिक शीट देऊन सोळाही तालुक्यांनी त्यात आपापल्या ओळी भराव्यात, ही व्यवस्था या अडचणी मुळातच टाळते. वणीचा कर्मचारी वरच्या बाजूला एक ओळ वाढवत असताना उमरखेडचा कर्मचारी सातव्या ओळीत लिहीत असेल, तर अॅप दुसऱ्याचे लेखन आठव्या ओळीत सरकवून दोघांचेही काम राखते. या तंत्राचा पाया एलिस आणि गिब्स यांनी १९८९ मध्ये मांडला, आणि त्यात प्रत्येक बदल आधीच्या बदलांच्या संदर्भात रूपांतरित करून लावला जातो. परंतु यंत्र जागेचा तंटा सोडवते, अर्थाचा नव्हे. दोघांनी एकाच घरात वेगवेगळे आकडे लिहिले तर नंतरचा टिकतो, आणि तो बरोबर आहे की नाही हे यंत्राला कळत नाही. म्हणून प्रत्येक तालुक्याला आपल्याच ओळी बदलता येतील असे संरक्षण लावणे, मथळे आणि सूत्रे सर्वांसाठी बंद ठेवणे, आणि तालुक्याचे नाव टंकण्याऐवजी यादीतून निवडायला लावणे, ही तीन बंधने कामाच्या सुरुवातीलाच घालावी लागतात.

कचेरीतील ‘निरंक’ या शेऱ्याचाही येथे विचार करावा लागतो. कोरे घर म्हणजे माहिती अजून आलेली नाही. शून्य म्हणजे माहिती आली आणि ती शून्य आहे. ‘निरंक’ हा शब्द लिहिला तर माणसाला शून्य समजते, पण सरासरी काढणारे सूत्र त्या घराला मजकूर समजून मोजणीतूनच वगळते. सोळापैकी एका तालुक्याने शून्याऐवजी ‘निरंक’ लिहिले तर बेरीज बरोबर येते, सरासरी मात्र सोळाऐवजी पंधरांनी भागली जाऊन वाढते. आकड्याच्या रकान्यात आकडाच लिहावा आणि ‘निरंक’ हा शेरा शेजारच्या रकान्यात ठेवावा, एवढ्याने हा दोष टळतो.

सामायिक तक्त्याची कल्पना आज कचेरीबाहेरही गेली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून मोबाइलवर पिकाची नोंद आणि छायाचित्र देतो, आणि तलाठी त्यांपैकी काही नोंदींची तपासणी करतो. म्हणजे नमुना बारा, जो कित्येक पिढ्या एकट्या पटवाऱ्याच्या हाताने भरला जात होता, तो आता ज्यांच्याविषयी माहिती आहे त्यांच्याच हाताने भरला जातो.

लपवणे आणि काढून टाकणे

पुनर्वापराची सोय वाढली की माहिती नको तेथे पोहोचण्याची शक्यताही वाढते. अनुदान किंवा नुकसानभरपाईच्या तक्त्यात लाभार्थ्याचे आधार क्रमांक, बँक खाते आणि मोबाइल असतात, आणि गावाला यादी दाखवायची म्हणून हे रकाने ‘लपवून’ फाइल पुढे पाठवली जाते. लपवलेला रकाना दिसत नसला तरी फाइलीत असतोच, आणि ज्याला फाइलीची प्रत करता येते त्याला तो पुन्हा उघडता येतो. एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये माहिती ओढणाऱ्या सूत्राला एकदा परवानगी दिली की दुसऱ्या शीटच्या संपादकांना मूळ फाइलीचा इतर भागही त्याच मार्गाने ओढता येतो. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला आहे. परंतु कायद्याच्या आधीही साधा व्यवहार हाच की सर्वांना दाखवायचा तक्ता वेगळा करावा, त्यात लागतील तेवढेच रकाने दुवा न ठेवता उतरवावेत, आणि मूळ तक्ता मोजक्या माणसांपुरता राखावा.

निष्कर्ष

या सर्व विवेचनातून निघणारे नियम थोडे आहेत आणि गावदप्तर राखणाऱ्यांना ते बहुतांशी ठाऊक होते. दरवेळी नव्याने भरायचे असेल तर सांगाडा घ्यावा, पुरावा ठेवायचा असेल तर दिनांकासह आकडे घ्यावेत, सतत ताजे दाखवायचे असेल तर दुवा घ्यावा; मूळ तक्ता कोणता आणि त्याचा धनी कोण हे तक्त्याच्या माथ्यावर लिहावे; बदलाची नोंद राहील अशीच व्यवस्था ठेवावी; आणि नक्कल झाल्यावर काही ओळी मूळ कागदाशी ताडून पाहाव्यात. सरकारी तक्त्यातील एका घरात एका कुटुंबाची जमीन, पीक किंवा भरपाई असते, आणि अधिनियमाच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद चुकीची ठरेपर्यंत खरी मानली जाते. चुकीची नोंद खोडून काढण्याचे ओझे त्यामुळे बहुतेक वेळा त्या कुटुंबावरच पडते. म्हणून सामायिक दस्तऐवजात काम करणाऱ्या प्रत्येकाने तक्ता चिकटवण्यापूर्वी आपण सांगाडा नेतो आहोत, आकडे नेतो आहोत की दुवा, एवढे स्वतःशी निश्चित करावे, आणि चिकटवल्यानंतर पहिली, मधली आणि शेवटची ओळ मुळाशी वाचून पाहावी.